मलेरियाची लस नेमक्या कुठल्या जंतूवर चालते, हे घरबसल्या कसं तपासायचं

पुण्यात सिरममध्ये बनणाऱ्या आर-ट्वेंटीवन लसीची बातमी आली की आमच्या फॅमिली ग्रुपवर हमखास दोन प्रश्न पडतात. एक, कोविडची लस वर्षभरात आली मग मलेरियालाच इतकी वर्षं का लागली, आणि दुसरा, ७५ टक्के म्हणजे काय, चारातल्या तिघांना मलेरिया होतच नाही का. तसं नाही. ७५ टक्के म्हणजे ठरावीक काळात लस घेतलेल्या गटातलं मलेरियाचं आजारपण न घेतलेल्या गटापेक्षा तेवढं कमी झालं. पण यातला खरा प्रश्न कोणी विचारतच नाही, तो म्हणजे ७५ टक्के *कुठल्या जंतूवर*? मलेरियाचा जंतू एकसारखा नसतो हो, आणि लस मात्र एका नमुन्यावरून बनवलेली असते.

तर हे तपासायचं कसं ते सांगतो. लॅब लागत नाही, लॅपटॉप, नेट आणि एक्सेल एवढं बास. बीएस्सी एमएस्सीच्या मायक्रो बायोटेकवाल्यांना प्रोजेक्टसाठी उपयोग होईल, डॉक्टर मंडळींना पेपर वाचताना होईल, बाकीच्यांनी वेबसाइटवाला भाग वरवर वाचला तरी चालेल.

आधी जंतू समजून घ्या, पाच मिनिटं लागतील

आपण इथे फाल्सिपेरम या मलेरियाच्या जंतूच्या एका जातीबद्दलच बोलतोय, कारण आत्ताच्या दोन्ही मंजूर लसी, आरटीएस-एस आणि आर-ट्वेंटीवन, त्याच्याचसाठी आहेत. त्याचा जीनोम २००२ साली पूर्ण वाचला गेला, १४ क्रोमोसोम, साधारण २३० लाख अक्षरं, ५३०० च्या आसपास जीन्स. कोविडच्या व्हायरसची अक्षरं जेमतेम ३० हजार होती, तेव्हा पहिल्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच मिळालं. उरलेलं निम्मं डासाच्या पोटात आहे.

माणसाच्या अंगात असताना या जंतूकडे प्रत्येक क्रोमोसोमची एकच प्रत असते, आणि तो नुसता स्वतःच्या कॉप्या काढत बसतो. नर-मादी एकत्र येणं होतं ते डासाच्या पोटात. आता समजा एका माणसाच्या रक्तात दोन वेगळे वाण आहेत (वाण म्हणजे स्ट्रेन, ज्वारी-भाताचे असतात तसेच) आणि डासाने एकाच वेळी दोन्ही ओढून घेतले, तर त्यांचा संकर होऊन पुढच्या माणसात तिसराच वाण जातो. आफ्रिकेत जिथे मलेरिया भरपूर तिथे एका माणसात दोन-चार वाण असणं नेहमीचंच, त्यामुळे पत्ते रोज पिसले जातात. जिथे मलेरिया कमी तिथे एका माणसात बहुतेक एकच वाण, मग पत्ते पिसणार कोण? म्हणूनच दक्षिण अमेरिका आणि आग्नेय आशियात आफ्रिकेपेक्षा विविधता कमी दिसते. हे डोक्यात ठेवा, पुढे आकडे बघताना कामाला येईल.

लस कशावरून बनवली ते शोधा

लसीचं नाव गूगल केलं की बातम्याच बातम्या येतील, त्या सोडा आणि ट्रायलचा मूळ पेपर उघडा. त्यातून दोनच गोष्टी कागदावर लिहून घ्यायच्या, लसीतलं प्रोटीन कुठलं आणि ते कुठल्या वाणाचं.

प्रोटीनवरून कळतं की लस जंतूला कुठे अडवते. सीएसपी असेल तर डास चावल्यावर लिव्हरमध्ये जायच्या आधी, एएमए-वन, एमएसपी किंवा आरएच-फाइव्ह असेल तर रक्तातल्या पेशीत घुसताना, आणि पीएफएस-२५, पीएफएस-२३० असली नावं असतील तर डासाच्या पोटात, म्हणजे तुम्ही आजारी पडाल पण तुमच्यामुळे शेजारी पडणार नाही.

वाण म्हणाल तर बऱ्याचदा एकच नाव दिसेल, थ्री-डी-सेव्हन, किंवा त्याचा बाप एनएफ-५४. याची गोष्ट भारी आहे. एनएफ-५४ मिळाला नेदरलँड्समध्ये, ॲमस्टरडॅमच्या स्किपोल विमानतळाजवळ राहणाऱ्या एका पेशंटकडून, विमानातून आलेल्या डासाने चावलं असणार असं मानतात, आणि जंतू मूळचा आफ्रिकेचा. तो प्रयोगशाळेत छान वाढला म्हणून सगळीकडे गेला, त्यातून थ्री-डी-सेव्हन वेगळा काढला, मग त्याचाच जीनोम वाचला, आणि आरटीएस-एस आणि आर-ट्वेंटीवन या दोन्ही लसीतलं सीएसपीसुद्धा याच घराण्यातलं. म्हणजे आफ्रिकेतल्या करोडो पोरांना द्यायची लस एका विमानतळाशेजारच्या जंतूवरून बेतलेली. यात कोणाची चूक आहे असं नाही, त्या काळी हाताशी तेच होतं, पण तपासायचं ते यासाठीच.

प्रोटीनचा नकाशा काढा

आता प्लाझ्मोडीबी नावाची साइट उघडा, लॉगिन मागितलं तर करून टाका. थ्री-डी-सेव्हनच्या प्रत्येक जीनला तिथे एक नंबर आहे, त्या नंबरचा शेवटचा भाग सीएसपीसाठी ०३०४६००, एएमए-वनचा ११३३४००, आरएच-फाइव्हचा ०४२४१००. आयडी टाकताना अर्थात रोमन अक्षरं आणि इंग्रजी आकडे. जीनच्या पानावर प्रोटीनची अख्खी माळ (म्हणजे त्यातल्या अमिनो ॲसिडचा क्रम) मिळते, ती कॉपी करून वर्डमध्ये टाका आणि लस ज्या भागाची आहे तेवढाच भाग पिवळा करा. ही पायरी लोक हमखास गाळतात आणि मग पुढे सगळा गोंधळ होतो.

सीएसपीचं उदाहरण घेऊ. माळेच्या मधोमध चार अमिनो ॲसिडचा एकच तुकडा पुन्हा पुन्हा येतो, एनएएनपी, एनएएनपी, थ्री-डी-सेव्हनमध्ये ३८ वेळा, रेल्वेचे डबे जोडावेत तसा. आरटीएस-एसमध्ये अख्खं प्रोटीन नाही, माळेतल्या २०७ व्या ते ३९५ व्या अमिनो ॲसिडपर्यंत एवढाच भाग आहे, म्हणजे काही डबे आणि त्यामागची शेपटी. डबे सगळ्या वाणांत जवळपास सारखेच, फक्त संख्या कमीजास्त. शेपटी मात्र जागोजागी बदललेली, त्यातल्या दोन पट्ट्यांना टीएच-टू-आर आणि टीएच-थ्री-आर म्हणतात, शरीराचं रक्षण करणाऱ्या टी पेशी जंतूला ओळखतात ते मुख्यतः तिथूनच. थोडक्यात, लसीचा अर्धा भाग सगळीकडे चालणारा आणि अर्धा ठिकाणाप्रमाणे चालेल न चालेल असा. लस काहीच नाही आणि लस शंभर टक्के या दोन्हीच्या मध्ये का अडकते, त्यातलं एक कारण इथे दिसतं.

गावोगावचे वाण मोजा

इथे मालेरियाजेन हा मोठा जागतिक प्रकल्प कामाला येतो. त्यांच्या पीएफ-सेव्हन या साठ्यात ३३ देशांतले २०,८६४ नमुने आहेत. मूळ फाइली प्रचंड मोठ्या, कोडिंग येत असेल तर पायथनमधून गूगल कोलॅबवर उघडता येतात. कोडिंग येत नसेल तर पीएफ-हॅप्लोॲटलस नावाचं वेब ॲप आहे, त्यात जीन निवडला की कुठल्या देशात कुठल्या वर्षी कुठले प्रकार किती होते ते चित्रासकट दिसतं. प्रत्येक प्रकार थ्री-डी-सेव्हनपेक्षा किती जागी वेगळा आहे ते लिहिलेलं असतं, आपल्याला नेमकं तेच हवंय.

दोन आकडे काढायचे. पहिला सोपा, तुमच्या देशातल्या नमुन्यांपैकी किती टक्के लसीशी तंतोतंत जुळतात. दुसरा म्हणजे विविधता, हॅप्लोटाइप डायव्हर्सिटी. घाबरू नका, शाळेतलं गणित आहे. प्रत्येक प्रकाराचा वाटा काढा, त्याचा वर्ग करा, सगळ्या वर्गांची बेरीज एकातून वजा करा आणि नमुन्यांची संख्या लहान असेल तर थोडी दुरुस्ती करा.

समजा (आकडे माझे, फक्त समजण्यापुरते) २० नमुने आहेत आणि पाच प्रकार सापडले, ८, ५, ४, २ आणि १. वर्गांची बेरीज ११०, भागिले ४००, म्हणजे ०.२७५. एकातून वजा केलं, ०.७२५. याला २० भागिले १९ ने गुणलं की ०.७६. याचा अर्थ, कुठलेही दोन नमुने उचलले तर ते वेगळे निघण्याची शक्यता ७६ टक्के. आता दुसऱ्या गावात २० पैकी १७ एकाच प्रकारचे, २ दुसरे, १ तिसरा, तर उत्तर येतं ०.२८. पहिल्या गावात एका वाणाची लस घेऊन जाणं म्हणजे एक किल्ली घेऊन अख्ख्या चाळीची कुलपं उघडायला जाणं. दुसऱ्या गावात मात्र तो १७ वाला प्रकार लसीचाच असेल तर मजा आहे, आणि नसेल तर विविधता कमी असूनही लस फुकट! म्हणून दोन्ही आकडे लागतात, नुसती विविधता बघून निष्कर्ष काढू नका.

इथे जिथे माझं स्वतःचं डोकं आपटलंय तेवढं सांगतो. एकाच पेशंटमध्ये दोन वाण असले की मशीनला दोघांची अक्षरं मिसळून दिसतात आणि जो प्रकार जगात कुठेच नाही तो कागदावर तयार होतो. मी पहिल्यांदा मोजलं तेव्हा माझ्याकडे इतके "नवीन" प्रकार निघाले की मला वाटलं आता पेपरच निघतोय, गाईडने एका मिनिटात हवा काढली. उपाय असा, नमुन्यासोबत एफडब्ल्यूएस नावाचा आकडा दिलेला असतो, तो ०.९५ च्या वर असलेलेच नमुने घ्या, म्हणजे साधारण एकाच वाणाचे. दुसरं म्हणजे सीएसपीच्या डब्यांवर विश्वास ठेवू नका, छोट्या तुकड्यांत वाचणाऱ्या मशीनला एकसारखे डबे मोजता येत नाहीत, शिवाय या जीनोममध्ये ८० टक्के अक्षरं ए आणि टी, वाचायला तसाही त्रासदायक. आणि तिसरं, ॲटलस अख्ख्या जीनचा प्रकार देतो, तुम्हाला फक्त लसीतला भाग हवाय, तेव्हा २०७ च्या आधीचे बदल खोडून टाका आणि मग जे प्रकार एकसारखे होतील ते एकत्र करून परत मोजा. तो पिवळा रंग यासाठीच मारला होता.

लॅबमध्ये असाल तर सुरुवातीला एमएसपी-टूचा पीसीआर करून जेलवर पट्ट्या मोजल्या तरी पुष्कळ कळतं. या जीनची दोन मोठी घराणी आहेत, थ्री-डी-सेव्हन आणि एफसी-२७, आणि एका पेशंटमध्ये किमान किती वाण आहेत ते पट्ट्यांच्या संख्येवरून येतं.

आता ट्रायलचा पेपर उघडा आणि चाळणी शोधा

माझ्या मते अख्ख्या कामात मजा इथेच आहे. ट्रायलमध्ये लस घेऊनही ज्यांना मलेरिया झाला त्यांच्या रक्तातला जंतू कुठल्या वाणाचा होता आणि लस न घेतलेल्यांचा कुठल्या, हे ज्या पेपरात तपासलंय त्याला सीव्ह ॲनालिसिस म्हणतात. सीव्ह म्हणजे आपली चाळणी. लस ही चाळणी धरली तर तिच्यातून कोण खाली पडलं ते बघायचं. पेपरात सीव्ह किंवा अलील-स्पेसिफिक असा शब्द शोधा. नाही सापडला तर तो एक टक्केवारीचा आकडा सरासरी आहे असं समजून चाला.

पापुआ न्यू गिनीची ट्रायल बघा, पेपर २००२ चा. ५ ते ९ वर्षांची १२० मुलं, लसीत तीन प्रोटीन्स, त्यातलं एमएसपी-टू थ्री-डी-सेव्हन घराण्याचं. ज्या मुलांना आधी मलेरियाचं औषध दिलं नव्हतं त्यांच्या रक्तातले जंतू ६२ टक्क्यांनी कमी झाले, वा! पण चाळणी लावल्यावर कळलं की कमी झाले ते थ्री-डी-सेव्हनवाले, आणि लस घेतलेल्यांत एफसी-२७ घराण्यामुळे आजारपणं उलट वाढली. एकाला हाकललं, रिकाम्या खोलीत दुसरा येऊन बसला.

मग मालीमधलं बांदियागारा. २०११ चा पेपर, १ ते ६ वर्षांची ४०० मुलं, लसीत फक्त एएमए-वन. एकूण आकडा १७.४ टक्के, म्हणजे संख्याशास्त्राच्या भाषेत काहीच नाही, बातमी काय होणार तर "लस फेल". पण लसीतल्या वाणाशी जुळणाऱ्या जंतूवर तीच लस ६४.३ टक्के! लस चांगलीच होती, फक्त त्या गावातले बहुतेक जंतू तिचे नव्हते. का ते आधीच माहीत होतं खरंतर, त्याच गावातल्या ५०६ इन्फेक्शन्समध्ये एएमए-वनचे २१४ प्रकार मोजले गेले होते. मला विचाराल तर हा पेपर प्रत्येक मायक्रोच्या वर्गात शिकवायला हवा.

आणि आरटीएस-एस. मोठी ट्रायल, ७ देश, ११ ठिकाणं, १५ हजारांवर मुलं. २०१५ मध्ये हजारो नमुन्यांची शेपटी वाचून पेपर आला. ५ ते १७ महिन्यांच्या बाळांत पहिल्या वर्षात, शेपटी तंतोतंत जुळणाऱ्या जंतूवर परिणाम ५०.३ टक्के, न जुळणाऱ्यावर ३३.४. इथे थांबून कंसातले आकडे वाचायची सवय लावा. जुळणारी इन्फेक्शन्स होती १३९ आणि न जुळणारी १९५१. बेरीज २०९०, भाग द्या, जुळणारी निघतात ६.७ टक्के. म्हणजे लस ज्या वाणावर सगळ्यात चांगली चालते तो या नमुन्यांत पंधरातला एक! आणि नमुने कमी म्हणून ५०.३ ची खात्रीची मर्यादासुद्धा ३४.६ ते ६२.३ इतकी पसरट, तर ३३.४ ची २९.३ ते ३७.२ एवढी आटोपशीर. फरक आहे पण नेमका किती ते छातीठोक सांगता येत नाही, असं लिहा रिपोर्टमध्ये, शिक्षक खूश होतात. अजून एक, ६ ते १२ आठवड्यांच्या तान्ह्या बाळांत हा फरक दिसलाच नाही, तेव्हा वयोगट न लिहिता हा आकडा कुठेही चिकटवू नका.

न जुळणाऱ्यावरही ३३ टक्के शिल्लक राहिले ते कशामुळे, तर बहुधा त्या रेल्वेच्या डब्यांमुळे, ते सगळ्यांत सारखे ना. आर-ट्वेंटीवनमध्ये, आरटीएस-एसच्या मानाने, आधाराला घेतलेल्या हेपॅटायटिसच्या प्रोटीनची खोगीरभरती कमी करून सीएसपीचा भाग दाट केलाय. तिच्या मोठ्या ट्रायलमध्ये पहिल्या वर्षात हंगामी मलेरियाच्या ठिकाणी ७५ आणि वर्षभर मलेरिया असतो तिथे ६८ टक्के आले. पण म्हणून ७५ वजा ५० करून "२५ ने भारी" असं म्हणू नका प्लीज. ट्रायल वेगळी, वर्षं वेगळी, हंगाम वेगळा, दोन्ही लसी एकाच ट्रायलमध्ये समोरासमोर नव्हत्या.

निकाल कसा लिहायचा

विविधता जास्त आणि जुळणारे कमी असं निघालं तर लसवाल्यांपुढे मोजके रस्ते असतात. एक, अनेक वाणांचं मिश्रण, पण २१४ पैकी कुठले निवडणार. दुसरा, जिथे जंतूला बदलताच येत नाही अशी जागा पकडणं. आरएच-फाइव्ह तसं आहे. लाल पेशीवरच्या बॅसिजिन नावाच्या प्रोटीनला धरल्याशिवाय फाल्सिपेरमला आत जाता येत नाही हे २०११ मध्ये कळलं, आणि धरायचा हात बदलला तर पकड सुटते, म्हणून या जीनमध्ये बदल फार थोडे. ॲटलसमध्ये एएमए-वन आणि आरएच-फाइव्ह शेजारी शेजारी उघडून बघा, चित्रातच फरक कळेल. बुर्किना फासोमध्ये याच्या लसीची ट्रायल झाली, तिसरा डोस उशिरा दिलेल्या गटात ६ महिन्यांत ५५ टक्के.

पण एक पाचर मारून ठेवतो. जीन सारखा दिसतो याची कारणं दोन असू शकतात, त्याला बदलता येत नाही, किंवा त्याला बदलायची गरजच पडली नाही. आरएच-फाइव्ह रक्तात अगदी क्षणभर उघडं पडतं, शरीर त्याच्यावर फारसा दाब टाकतच नाही. लाखो मुलांना लस दिल्यावर दाब येईल, तेव्हा काय होतं ते बघायला लस सुरू झाल्यावरही नमुने वाचत राहावे लागतील.

आणि भारतातल्या नमुन्यांवर काम करणार असाल तर पहिल्याच ओळीत प्रजाती लिहा. आपल्याकडे व्हायव्हॅक्स ही मलेरियाच्या जंतूची दुसरी जातही भरपूर, आणि त्याच्या सीएसपीत एनएएनपीचे डबे नाहीतच, तिथे व्हीके-२१० आणि व्हीके-२४७ अशी वेगळीच दोन घराणी. पुण्यात बनणारी लस गडचिरोलीतल्या फाल्सिपेरमबद्दल निदान प्रश्न तरी विचारू देते, व्हायव्हॅक्सला ती ओळखतही नाही.

सरावाला एक ताजं उदाहरण देतो. आयसीएमआरने २०२५ मध्ये ॲडफाल्सिव्हॅक्स नावाची लस जाहीर केली, भुवनेश्वरच्या त्यांच्या केंद्रात तयार झालेली, त्यात सीएसपीबरोबर डासाच्या पोटात अडवणाऱ्या पीएफएस-२३० आणि पीएफएस-४८/४५ यांचे तुकडे आहेत. सीएसपीचा नकाशा तुमच्याकडे झालाच आहे. उरलेल्या दोघांचे नंबर ०२०९००० आणि १३४६७००. पेपरातून तुकडा कुठून कुठपर्यंत आहे ते काढा, पिवळा रंग मारा, भारतातले नमुने निवडा, एफडब्ल्यूएसची चाळण लावा आणि मोजा. एक दुपार पुरते, लाइट गेली नाही तर.